साहित्य माझ्याकडे

५ फेब्रुवारी
ग्रुप मिळाला. बाईंनी आज प्रोजेक्ट दिला : पूर्व आशियातले धर्म आणि तत्त्वज्ञानं, चित्ररूपात. चौघांचा एक ग्रुप, सबमिशन ४ मार्चला. वर्गातली पोरं भराभर एकमेकांच्या बाकांवर जाऊन बसली. मी माझ्याच बाकावर थांबलो, म्हणजे ज्यांना मी हवा आहे त्यांना शोधावं लागू नये. कोणी आलं नाही. संकोच. एकाहत्तर वर्षांच्या विद्यार्थ्याजवळ यायला विशीतल्यांना दडपण येणारच. शेवटी एक मुलगी म्हणाली, आजोबा, या आमच्यात.

तिचं नाव वहीपुरतं कॅप्टन. मागच्या वर्षी याच प्रोजेक्टमध्ये तिचा ग्रुप नापास झाला, म्हणून ती हे वर्ष पुन्हा करते आहे. यंदाही गेलं तर कॉलेज नाव काढून टाकतं, असा नियम. पोरी, मनात म्हटलं, आता काळजी सोड.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून तत्त्वज्ञान.

६ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
पहाट झाली तेव्हा मी झोपेत होतो. उद्यापासून.

७ फेब्रुवारी
पहिली मीटिंग, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. कॅप्टननं डिझाइन दाखवलं. तीन मोठी पॅनेलं : कन्फ्यूशियस, ताओ, झेन. रंग-रेषा तिच्या. माहिती शोधणार मौनी (ही मुलगी बोलत नाही, फोनवर टाइप करून दाखवते). फ्रेमा ठोकणार टोपी (हा मुलगा आंघोळीलाही टोपी काढत नसावा). मग कॅप्टन माझ्याकडे वळली आणि म्हणाली, आजोबा, साहित्य तुमच्याकडे.

अंगावर काटा आला. चौतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. दारावर पाटी : साहित्य विभाग. आत काय, तर नट, बोल्ट, वॉशर आणि तेलाचे डबे. रोज त्या पाटीखालून जाताना जीव तुटायचा, काय ही शब्दाची विटंबना! पाचवीत गुरुजी बाकावर ठेका धरून कविता म्हणवून घेत. तेव्हाच ठरवलं होतं, साहित्यात जायचं. गेलो. स्टोअरच्या. आणि आज एका पोरीनं माणूस ओळखला.

टोपी म्हणाला, बरोबर आहे, आजोबांना अनुभव आहे, पहिल्या दिवशी ओळख करून देताना बोलले होते ते. त्या दिवशी मी स्टोअरबद्दल बोललो होतो आणि कवितेबद्दलही. पोरांच्या लक्षात नेमकी कविता राहिली. नवी पिढी वाटते तितकी वाया गेलेली नाही.

घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे काय काय आणायचंय? म्हटलं, साहित्य आणायचं नसतं, सुचावं लागतं. म्हणाली, एकदा नीट विचारून तरी घ्या. सत्तेचाळीस वर्षं एका कवीबरोबर संसार केला बाईनं, एक थेंब अंगाला लागला नाही.

९ फेब्रुवारी
कॅप्टननं ग्रुपवर फाईल टाकली : 'साहित्याची यादी'. उघडत नाही. दोनदा दाबली तर फोननं माझाच फोटो काढला. बहुधा संदर्भग्रंथ असावेत. प्रतिभेला यादी लागत नाही. उत्तरादाखल अंगठा पाठवला.

११ फेब्रुवारी
वृत्त ठरवण्यात सकाळ गेली. शार्दूलविक्रीडितात कन्फ्यूशियस बसेना. भुजंगप्रयातात बसतो, पण त्याच्या आधी एक लघू अक्षर लागतं. 'न' घातला की चपखल. फक्त अर्थ उलटा होतो. बघू.

दुपारी त्याच्यावरचं पुस्तक वाचलं. दोन पानं. वडीलधाऱ्यांचा मान राखावा असं स्पष्ट म्हटलंय. उत्तम ग्रंथ! सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, बायकोबद्दल काय म्हणतो हा? पुढची पानं अजून वाचायची आहेत.

१४ फेब्रुवारी
मीटिंग. चर्चा चालू असताना डोळे मिटून चिंतन करत होतो. जाग आली, म्हणजे चिंतन संपलं, तेव्हा टोपी म्हणत होता, काय ध्यान आहे! मौनी तोंडावर हात दाबून गदागदा हलत होती. किती नेमका शब्द! झेन मुळात आपल्या 'ध्यान'वरूनच निघालेला. चीनमध्ये गेला तो चान झाला, जपानात गेला तो झेन. पोरांना मूळ माहीत आहे. टोपीबद्दलचं मत सुधारलं.

निघताना कॅप्टननं विचारलं, साहित्य कुठवर आलं? म्हटलं, चौथाई झालं. तिनं बजावलं, दर्जेदार हवं हं आजोबा, मागच्या वर्षी आमचं साहित्य हलकं निघालं, परीक्षकांच्या समोर पोपडे सुटले. 'पोपडे'! साहित्याला ही उपमा मी आजवर ऐकली नव्हती. मुलीला समीक्षेचं अंग आहे.

१५ फेब्रुवारी
'हलकं' या शब्दानं अस्वस्थ. आधीची सोळा कडवी फाडली. कटू निर्णय, पण घेतला.

१५ फेब्रुवारी, दुपारी
तुकडे जुळवून पुन्हा लिहून काढली. इतकी काही हलकी नव्हती.

१८ फेब्रुवारी
टोपीचा फोन. म्हणे, आजोबा, चौथाई झालं म्हणालात, पण बाजारात तयार मिळतंय की, घरी कशाला घडवत बसता? संतापलो. सुनावलं, बाबा रे, दुसऱ्याचा तयार माल मी उचलणार नाही, जे देईन ते माझ्या हातचं असेल. तो मग म्हणाला, खरंच स्वतः करताय? भारीच की हो! पोरगं विरघळलं.

तासाभरात कॅप्टनचा मेसेज. हातानं बनवताय हे ऐकून भरून आलं, बाई हातच्या कामाला जास्त मार्क देतात. फक्त पातळ होऊ देऊ नका, आणि वाळायला वेळ द्या.

वाळायला वेळ द्या! लिहिलेलं काही दिवस बाजूला ठेवावं, हे गुरुजीही सांगत. या मुलीला हे कोणी शिकवलं?

२३ फेब्रुवारी
चाळीस कडवी. ताओ संपवला. सारांश असा की जोर लावू नये, पाण्यासारखं असावं. म्हणून आज जोर लावला नाही. दुपारभर पाण्यासारखा पडून होतो.

सौ.चं एकच पालुपद : त्या पोरीला नेमकं काय हवंय ते विचारा. म्हटलं, विचारायचं काय, तिनं सांगितलंय, हलकं नको, पातळ नको, वाळलेलं हवं. सौ. म्हणाली, ही मला कविता वाटत नाही, पडद्याचं कापड वाटतंय.

दुर्लक्ष केलं.

२६ फेब्रुवारी
मीटिंग चुकली. कारण साहित्यिक. 'शून्य'ला यमक मिळेना. झेनचा सगळा डोलारा शून्यावर, आणि शून्याला यमकच नाही! तीन तास गेले. मग वाटलं, यमक नसणं हेच झेन. पण कडवं अडलं ते अडलंच, म्हणून 'शून्य' काढून 'रिकामे' घातलं. 'निकामे' लगेच मिळालं.

१ मार्च
पूर्ण! चौसष्ट कडवी. खास जाड, रुंद कागद घेतला, एका पानावर एकच कडवं, ठसठशीत अक्षर, मागची बाजू कोरी. म्हातारपणी माणसानं असं काहीतरी करून ठेवावं.

कॅप्टनला फोन केला, साहित्य तयार आहे. विचारते, किती? म्हटलं, चौसष्ट. म्हणाली, मोठे आहेत का? म्हटलं, प्रत्येक एका पानभर. म्हणाली, मग तिन्ही पॅनेलांना पुरून उरेल. पुरून उरेल! माझ्या कवितेबद्दल असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. परवा सकाळी दहाला घेऊन या म्हणाली, उचलायला टोपीला पाठवू का? म्हटलं, छे, एका पिशवीत मावतंय. ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, आजोबा, तुम्ही वाचवलंत मला.

आनंदानं जेवण गेलं नाही.

३ मार्च, दुपारी २.१५
किरकोळ गैरसमज झाला आहे.

दहाला पोचलो. टेबल पुसून मोकळं केलेलं, तिघंही बाह्या सरसावून उभी. पिशवीतून गठ्ठा काढून ठेवला. टोपीनं पिशवीत हात घालून तळ चाचपला. म्हणाला, बाकीचं खाली रिक्षात आहे का? मी खाकरून पहिलं कडवं म्हटलं, चालीवर. मग दुसरं. तिसऱ्याला कॅप्टननं मध्येच थांबवलं. आजोबा, प्लायवूड कुठाय? शाई? गोंद? तुम्ही घरी बनवत होता तो हातकागद? म्हटलं, ते मला काय ठाऊक, माझ्याकडे साहित्य होतं.

ती फरशीवर बसली.

मौनी पहिल्यांदाच बोलली. आवाज गोड आहे. शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

टोपीनं टोपी काढून टेबलावर आपटली. अहो, चौतीस वर्षं स्टोअरमध्ये होता ना तुम्ही! साहित्य म्हणजे सामान! सा-मा-न! मी शांतपणे निदर्शनास आणलं की शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत, तेव्हा देणाऱ्यानं काम स्पष्ट द्यावं. यावर कोणी काही बोललं नाही, म्हणजे मुद्दा पटला असणार.

आज सुट्टी, दुकानं बंद. सबमिशन उद्या सकाळी नऊला. कॅप्टन रडली असती तर समजूत घालता आली असती. ती नुसती म्हणाली, मागच्या वर्षी पोपडे, यंदा कडवी. मग बराच वेळ माझ्या गठ्ठ्याकडे बघत राहिली. वरचं पान उचललं. मला वाटलं, वाचणार. तिनं ते उलटं केलं, दोन बोटांत धरून चोळलं आणि टोपीला म्हणाली, जाड आहे रे.

मला घरी पाठवलं. मी थांबतो म्हटलं, तर तिघांनी एकदम नको म्हटलं. ग्रुपमध्ये एकमत होणं महत्त्वाचं.

संकल्प : उद्या बाईंसमोर सगळी कविता तोंडपाठ म्हणायची. तेवढ्यानं प्रसंग सावरेल.

४ मार्च
पहिल्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या भिंतीवर तीन पॅनेलं. खोक्यांचा पुठ्ठा जोडून त्यावर माझी पानं चिकटवलेली, कोरी बाजू वर. कन्फ्यूशियसला शिस्तीत, काटकोनात. ताओला ओली करून, चुरगळून, वरून खाली वाहती. झेनला सपाट, मध्ये काळ्या बूट पॉलिशनं ओढलेलं एकच वर्तुळ. खूप जवळ गेलं की खळीनं भिजलेल्या कागदातून मागची अक्षरं दिसतात, उलटी, पुसट. ताओमध्ये मला माझा एक 'ळ' भेटला.

बाहेरून आलेले परीक्षक पाच मिनिटं पॅनेलांसमोर उभेच राहिले. मग म्हणाले, शब्द गाडल्याशिवाय शांतता मिळत नाही, हे इथे दिसतं. कल्पना कोणाची? मी घसा साफ केला. टोपीनं माझा दंड धरला. प्रेमानं नव्हे.

शेजारी छापील कार्ड. शीर्षक, आकार, साहित्य. तिसऱ्या रकान्यात कॅप्टनचं अक्षर : रद्दी कागद, खळ, बूट पॉलिश.

मग बाई एकेकाला विचारू लागल्या, तुमचा वाटा काय? माझी पाळी आली. चौसष्ट कडव्यांतला एक शब्द आठवेना. बाई पेन धरून थांबल्या. कॅप्टन म्हणाली, साहित्य त्यांनी दिलं, सगळं. बाईंनी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

चौघंही पास. यादी लागल्यावर कॅप्टन जिन्याच्या पायरीवर बसून रडली, मौनीनं तिला धरलं होतं. मी जवळ गेलो. विचारलं, पोरी, मघाशी साहित्य म्हणालीस, ते कोणत्या अर्थानं? तिनं बाहीनं नाक पुसलं. म्हणाली, आजोबा, पास झालात ना? जा आता घरी. आणि पुढच्या टर्मला दुसरा ग्रुप बघा.

घरी सौ. दारातच. कवितेचं काय झालं? म्हटलं, कॉलेजच्या भिंतीवर लावली, चौसष्टच्या चौसष्ट, परीक्षक पाच मिनिटं हलले नाहीत. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. म्हणाली, अहो, मी उगीच बोलत होते इतके दिवस. उद्या मला न्या, मला वाचायची आहे.

उद्या माझा गुडघा दुखणार आहे.