जोडीचा टाक

प्रिय सुरेखा,

प्रांजली जायच्या आदल्या सकाळी नळाला आठवड्यानं पाणी आलं होतं. मी ड्रम भरला, बादल्या भरल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला. प्रांजली दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, आई, उद्या मी चालले, मग एवढं पाणी काय काकांच्या मेंढरांना? तेवढ्यात पोटात कळ आली आणि मी ड्रम धरून उभी राहिले. तिला वाटलं, आई रडतेय. मी वाटू दिलं.

डॉक्टर बोलले तेव्हा तू शेजारीच होतीस. गाठ काढण्यापलीकडं गेलीय म्हणाले. पार गारखेड्यापर्यंत तू मला रिक्षात रागे भरलीस, पोरीला सांग, नाहीतर मी सांगते. नाशिकला मुलाकडं गेलीस तरी फोनवर तेच. सुरेखा, एकदा सांगून झालंय गं. ह्यांच्या आजारपणाचं कळवलं तशी ती पुण्यातलं संशोधन सोडून घरी आली. हे गेले, आणि तिची जागा दुसऱ्याला मिळाली. तिनं बोलून दाखवलं नाही, पण अंगणात मान वर करणं सोडलं. सुट्टीत ती घरी आली की तिच्या शाळेच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले. ग्रहताऱ्यांचं पुस्तक तर आम्ही दोघींनी वाचून वाचून फाडलं. अशा पोरीनं आभाळ बघणं सोडावं? आता ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठानं शिकवायला बोलावलंय. इथून न दिसणारे तारे तिथून दिसतात म्हणे.

जायचं ठरलं तेव्हा तिनं एकच मागितलं, बाबांचा टाक, तिकडं देवघरात पूजायला. गोकुळभाऊजी कुरकुरले, लेकीच्या हाती कुठं देव देतात का? मी म्हणाले, भाऊजी, तिचा बापच आहे तो. वर्षश्राद्ध झालं तरी टाक करायचा राहिलाच होता. सराफ्यात गेले. चांदीच्या पत्र्यावर ह्यांची मूर्त उठवायला सांगितली आणि म्हणाले, शेजारी बाईपण काढ. सोनारानं विचारलं, त्या कधी वारल्या? मी माझाच फोटो पुढं केला. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली. मावशी, जित्या माणसाचा टाक करत नसतात. मी म्हणाले, माझ्यामागं करणारं इथं कुणी नाही बाबा, कर.

प्रांजलीला तो लई आवडला. दोघं सोबत आहात, म्हणाली, आणि स्वेटरच्या घडीत ठेवला. वसतिगृहात वाढलेली पोर. माणसाचा टाक ते गेल्यावरच करतात, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

तुला मात्र बघताच कळेल. म्हणून हे लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ती तिकडून व्हिडिओ कॉल करील, हौसेनं टाक दाखवील. तेव्हा चेहरा सांभाळ. म्हण, बरा झालाय. ती रुजू होऊन शिकवायला लागू दे, मग मीच सांगेन. मला नाही जमलं तर तू सांग, आणि शिव्या मला दे. पाणी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला विमानतळावर सोडलं, ती आत दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला, आणि त्याच रिक्षानं दवाखान्यात जाऊन भरती झाले.

तुझीच,
बाना