यादीतली करडी ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि हत्यारांचा डबा, एवढ्यात माझा सगळा संसार मावला. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून सकाळचं ऊन येतं, नळाला पाणी जोरात. किल्ली देताना घरमालकीणबाईंनी माझ्याकडून वदवून घेतलं की गाणी मोठ्याने लावणार नाही. मी म्हटलं, ऐकायला कोणी नाही, तर लावू कुणासाठी? त्या हसल्या. बऱ्या वाटल्या.

बाबा गेल्यापासून घर खायला उठत होतं. ताई म्हणाली, सत्तेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नाही, ऊठ आणि कुठेतरी जा. तिच्या तोंडात साखर पडो, पंधरा दिवसांत नोकरी मिळाली.

पाण्याचे मीटर तपासणारी प्रयोगशाळा. बावीस कॉम्प्युटर, सगळे वेगवेगळ्या वयाचे. त्यांच्यावर नवी यंत्रणा चढवायची, पण त्याआधी प्रत्येकाची बायोसमधली, म्हणजे मशीनच्या मुळातल्या प्रोग्रॅममधली, मांडणी सारखी करायची. कॉम्प्युटर जागा होताना पहिल्या दोन क्षणांत बघतो, घरात कोण कोण आहे आणि कुणाला आधी हाक मारायची. ते ठरतं बायोसमधल्या यादीवरून. ज्याच्यापुढे खूण त्याला हाक. खूण काढली की जोडलेलं असूनही ते नसल्यासारखंच. हे काम मला मनापासून आवडतं.

मुख्य तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, घाई नाही, पण एकही मशीन सुटता कामा नये.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नऊ मशीनं झाली. हात बसला. मशीन चालू करायचं, डिलीटचं बटण दाबत राहायचं, निळा पडदा आला की तारीख-वेळ दुरुस्त करायची. पेनड्राइव्ह पहिला, डिस्क दुसरी, बाकीच्यांच्या खुणा काढायच्या, सेव्ह करून बाहेर. दोन मशीनचे आतले सेल संपले होते. त्यांच्या घड्याळात वीस वर्षांपूर्वीचा जानेवारी चालला होता.

दुपारी सगळे एकाच लांब टेबलावर जेवतात. भांडारपालाला सगळे वायसर म्हणतात, कारण दोन माणसं बोलत असली की हा नट-बोल्टमधल्या वॉशरसारखा मध्ये असतोच. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती, आणि ती आजपासून माझी असं जाहीरही केलं. घरी दोन महिने ओट्याशी उभ्यानेच जेवत होते. आज बसून जेवले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सोळा झाली. सतरावं मागच्या खोलीत एकटंच आहे, धूळ खात. खुर्चीच्या पाठीवर एक स्वेटर, कोपराशी विरलेला. वायसरला विचारलं, ते टेबल कुणाचं? तो म्हणाला, तिथे कधी कोणी बसलंच नाही. मग स्वेटर? तो म्हणाला, कुठला स्वेटर, आणि दुसरंच काही बोलायला लागला.

मशीन चालू केलं. यादीत पेनड्राइव्ह, डिस्क, नेटवर्क, आणि त्याखाली चक्क माणसांची नावं. मुख्य बाई, वायसरचं खरं नाव, पहारेकरी, सगळे. सगळ्यांपुढे खुणा. एका पुरुषाचं नाव ओळखीचं नव्हतं. त्याच्यापुढे खूण नव्हती आणि ती ओळ करडी पडली होती. सगळ्यात खाली माझं नाव, आडनावासकट.

हसू आलं. वायसरचा चावटपणा असणार, नव्या माणसाची फिरकी. दुसऱ्यांच्या नावांना हात कशाला लावा, म्हणून ती तशीच ठेवली. माझ्यापुढची खूण तेवढी काढली आणि सेव्ह केलं. सोमवारी जेवताना त्याला पकडते.

सोमवार, १० फेब्रुवारी

पहारेकऱ्याने दारातच विचारलं, कोणाला भेटायचंय? ओळखपत्र दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, टेबलावर ठेवलं आणि माझ्या मागच्या माणसाशी बोलायला लागला. मी आत गेले. कोणी अडवलं नाही.

जेवणाच्या टेबलावर माझी खुर्ची नव्हती. मी उभी राहूनच वायसरला त्या यादीबद्दल विचारलं. तो घास चावत राहिला. वाटलं, थट्टा ताणतोय. पण थट्टा करणारा माणूस निदान एकदा तरी चोरून बघतो. त्याने नाही बघितलं.

खोलीवर आले तर घरमालकीणबाई एका जोडप्याला ती दाखवत होत्या. दोन महिने रिकामीच आहे म्हणाल्या. पलंगावर माझी उशी होती. जोडप्यातली बाई तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, छान उजेड आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सकाळीच सतरा नंबर गाठलं. माझी ओळ करडी झालीय. बाणाचं बटण दाबलं की निवडायची पट्टी माझ्या नावावरून उडी मारून पुढे जाते. मशीनचा सेल काढला, अर्धा तास थांबून परत बसवला. घड्याळ वीस वर्षं मागे गेलं. यादी तशीच. नाही, लांबली आहे. खाली ताईचं नाव आलंय. पुढे खूण.

त्या अनोळखी पुरुषाचं नाव मी मोठ्याने वाचलं. मागे खुर्ची करकरली. वळून पाहिलं तर पाठीवर स्वेटर नव्हता.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ताईला फोन केला. म्हटलं, ताई, मी बोलतेय.

"ताई? मला बहीण नाही हो. तुम्ही कुठला नंबर लावलाय?"

मी बाबांचं नाव सांगितलं. ती हळूच म्हणाली,

"ते गेले. शेवटची सहा वर्षं मी एकटीच होते त्यांच्याजवळ."

मी होते. सहा वर्षं मी. कूस बदलायला, औषधाला, रात्री हाकेला — मी.

तिने विचारलं, तुम्ही त्यांच्या ओळखीच्या का? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? परत लावला तेव्हा ती नुसतीच हॅलो हॅलो करत राहिली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तो आहे. दुपारी खिडकीशी उभा होता, अंगात तोच स्वेटर. पन्नाशीचा, दाढी वाढलेली. त्यानेही याच मशीनवर हेच काम केलं होतं, आणि आपलीच खूण काढली होती. अकरा वर्षं झाली म्हणाला. तीन दिवसांत माझ्याकडे बघणारे पहिले डोळे. मी रडले. त्याने रडू दिलं.

म्हणाला, करडी ओळ परत उजळत नाही. आणि मशीन फोडलं तर यादीतले सगळेच जातील. खरं की खोटं, मला माहीत नाही. करून बघायची छाती नाही.

मग म्हणाला,

"बाकीच्यांच्या खुणा अजून निघतात. तुमची ताई इकडे आली तर तुम्हाला बरं वाटेल."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पट्टी ताईच्या नावावर मीच नेली. खोटं कशाला लिहू. बोट बटणावर ठेवलं. ती येईल, मला ओळखेल, कुशीत घेईल. आणि तिची दोन मुलं म्हणतील, आम्हाला आई नाही हो.

बोट काढलं.

त्याला विचारलं, अकरा वर्षांत तुम्ही का नाही कुणाला आणलं? तो म्हणाला, मशीन बंद होतं. तुम्ही चालू केलंत.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरी गेले नाही. घर कुठलं.

जरा डोळे मिटले, तर पट्टी वायसरच्या नावावर. वर नेली. कीबोर्डची तार उपटली, मशीनची वीजही तोडली. पट्टी तरीही खाली सरकते. एकेक ओळ, ताईच्या नावाकडे. तार परत जोडली — निदान मला वर तरी नेता येते.

तो हात लावत नाही. नुसता मागे उभा राहतो. फार नम्र आहे. म्हणतो, दोघांना करमत नाही, तिघं असलो तर —

रविवार, १६ फेब्रुवारी

वर नेली. खाली आली. वर नेली.

किती वेळ जागी राहू —

फोन वाजतोय. ताईचा नंबर.

उचलला. म्हणते, बुधवारी फोन केलेल्या बाई तुम्हीच ना? बाबांच्या पलंगाशेजारी अजून एक गादी घातलेली आहे. तिथे कोण झोपायचं, मला काही केल्या आठवत नाही. रडतेय. ताई, मी. मी झोपायचे. ओरडतेय मी, तिला ऐकू येत नाही —

पडद्याकडे पाठ —

फोन बंद झाला. पट्टी तळाला, ताईपुढची खूण गेलेली, तिचं नाव करडं.

मागे कोणीतरी हाक मारतंय. माझ्या नावाने. ताईच्या आवाजात. विचारतेय, ही कुठली खोली, आणि मुलं कुठे —

मी वळत नाहीये. वळले तर तिला सांगावं लागेल की