राजवाड्याच्या खाक्यावर निळीचा बोळा

प्रति,
मा. डॉ. उल्का रणदिवे,
प्रमुख, कागद-संवर्धन विभाग,
हार्लन कलासंग्रहालय, वॉशिंग्टन राज्य.

विषय : इटालियन रेखाचित्रावर नीळ मी लावली असल्याने कु. प्रणिता मेश्राम हिचा कबुलीजबाब रद्द करण्याबाबत.
संदर्भ : तिच्या निलंबनाचे आपले पत्र, दि. १६ मार्च २०२६.

महोदया,

मी प्रणिताची आई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले आहे. आपण मराठी आहात असं ती म्हणाली होती, म्हणून अर्ज मराठीत.

१) शनिवारी आपल्याकडे मी भरतकाम करून दाखवणार होते. खोली सापडेना, म्हणून प्रणिताला फोन केला. "आई, दारातच थांब, मी येते," ती म्हणाली. मी थांबले नाही. ती मला आणायला एका दाराने बाहेर गेली, मी दुसऱ्या दाराने तिच्या कामाच्या खोलीत शिरले. टेबलावर तिने फोटोसाठी काढलेला कागद होता.

२) कागदावर रेघांवरून सुईची बारीक भोकं होती. आमच्याकडे साडीवर नक्षी उतरवायचा खाका असाच असतो. वरून रॉकेलात कालवलेली नीळ फिरवली की खाली नक्षी उमटते. हे मला कोणी शिकवलं नाही, दुकानांत उभं राहून बघितलं. सबब, माझ्यासाठीच ठेवलाय समजून मी खाली रुमाल सरकवला आणि पिशवीतल्या कोरड्या निळीचा बोळा फिरवला. राजवाड्याच्या भिंतीवर चित्र उतरवायला पाचशे वर्षांपूर्वी कुणा मोठ्या चित्रकाराने तो टोचला होता, हे नंतर कळलं. माझं रॉकेल ज्या पहारेकऱ्याने बाहेर ठेवून घेतलं, त्याचे आभार मानावेत.

३) चित्रात पाताळाचा राजा एका मुलीला रथातून पळवतो आहे, मागे तिची आई. आपल्या फलकावर आई 'हताश उभी' आहे. रुमालावर मात्र तिचा हात दोनदा उमटलाय. दुसऱ्यांदा टोचताना चित्रकाराने तो मुलीच्या बोटभर जवळ नेलाय. रुमाल पुरावा म्हणून जोडला आहे. आणखी कशाला उपयोगी पडला तर बरंच.

४) प्रणिताने "माझ्याच हातून झालं" असं लिहून दिलं, ते खोटं आहे. मला म्हणते, "आई, तू मध्ये पडू नकोस, प्लीज. तुला परत व्हिसा देणार नाहीत." नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर तिलाच देश सोडायचा, हे मात्र तिच्या मैत्रिणीकडून काढून घ्यावं लागलं.

तरी कारवाई माझ्यावर व्हावी व मुलीला कामावर घ्यावे, ही विनंती. मला पत्राने कळवू नये, टपाल तीच उघडते. एखाद्या सकाळी ती डबा घेऊन बसस्टॉपकडे निघाली, की उत्तर मिळालं असं मी समजेन.

आपली,
मुलीला न विचारता लिहिणारी,
शोभना राजाराम मेश्राम
रेडमंड, १८ मार्च २०२६

सोबत : रुमाल एक. धुतलेला नाही.