ठिपक्यांच्या पानांसाठी कर्नल

११ ऑगस्ट, सोमवार

उशीर झाला, वही. माफ कर. बिरड्यांचा रोजा, आमचा उपास झाला तेव्हापासून तुला हात लावला नाही. कारण सांगतो — काँप्युटर मेला!

मेला म्हणजे त्याची डिस्क मेली. स्टँडमागचा दुरुस्तीवाला शैलेश, त्याने ती कानाला लावून ऐकली. "काका, आत खर्र खर्र होतंय. संपली ही." डॉक्टर तरी जरा हळू सांगतात.

दुसऱ्या कुणाचा काँप्युटर मेला तर मेला. पण आमच्या काँप्युटरला ठिपके उठवणारा प्रिंटर जोडलेला आहे. माझ्या बायकोला, शुलामिथला, दिसत नाही. लग्नानंतर हळूहळू गेलं — आधी रात्रीचं, मग कडेचं, मग सगळंच. प्रिंटर जाड कागदावर ठोके मारून ठिपके उठवतो आणि ती बोटांनी वाचते. एरवी तिचा मोबाइल बोलून दाखवतो. पण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत, आणि सणाला मोबाइल बंद. त्या दिवशी पानंच हवीत.

आणि जुनी पानं! वाचून वाचून ठिपके बसले. "अहो, पानं मुकी झाली हो," म्हणते. नव्याच्या सणाला, आमच्या वर्षारंभाला, सिनेगॉगमध्ये बायकांना मराठी प्रार्थना तीच वाचून दाखवते. या वर्षी बजावून ठेवलंय — सणाच्या आत नवी पानं पाहिजेत. सण बावीस सप्टेंबरच्या संध्याकाळी.

मजकूर नातीकडे, दानाकडे जपून आहे, एवढं बरं. बाकी सगळं वाईट.

१३ ऑगस्ट, बुधवार

शैलेशने नवी डिस्क घातली, नवी सिस्टिम घातली. मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी, आणि ठप्प. अर्थ असा — या सिस्टिमला अमुक जातीचा प्रोसेसर लागतो, तुमच्याकडे त्याहून जुना सापडला.

"काका, भंगारात द्या. माझ्या वयाचं मशीन आहे हे."

"मग तुलाही देऊ का?" म्हटलं. हसला. वाईट नाही पोरगा.

नव्या लॅपटॉपला त्या प्रिंटरची जाड वायर बसतच नाही. मध्ये एक जोडणी लावून पाहिली. छापलं काहीतरी. शुलामिथने बोट फिरवलं — "कागदावरून खारुताई पळाली का?" मुंबईच्या संस्थेत छापायला दिलं तर दिवाळीनंतर मिळेल म्हणतात.

रात्री झोप नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

दानाचा फोन. दाना म्हणजे आमच्या लेकीची, लियोराची मुलगी. दोघी इस्रायलला, अश्दोदला असतात. दाना काँप्युटरचंच काम करते. तिला सगळं सांगितलं. ती जराही घाबरली नाही. आमच्या घरात असं कसं माणूस जन्मलं?

म्हणाली, "आजोबा, फक्त कर्नल बदलायचा." कर्नल म्हणजे काँप्युटरच्या आतला मुकादम. प्रोसेसर, डिस्क, प्रिंटर, सगळ्यांकडून काम करून घेणारा. तयार मिळतो तो नव्या प्रोसेसरांच्या मापाचा. आपल्या जुन्यासाठी मापाने शिवून घ्यायचा. कापड फुकट असतं, म्हणजे मूळ लिखाण. आपण फक्त काय हवं, काय नको ते सांगायचं.

"मग तूच शिवून पाठव!"

"तुमची पेटी उघडून बघणार कोण? आत कुठलं कार्ड आहे मला इथून दिसतं का? तुम्ही शिवा, मी फोनवर आहे."

मी आठवी पास. तळोज्याला कंपनीच्या स्टोअरमध्ये जन्म गेला. नट-बोल्ट ओळखतो. हे कसं जमायचं?

"जमवा आजोबा," म्हणाली. "या वेळी जमलंच पाहिजे."

१८ ऑगस्ट, सोमवार

शैलेशने जुना लॅपटॉप दिला आहे, शिवणकाम त्याच्यावर.

वही, तुला खरं वाटणार नाही किती प्रश्न विचारतात! हजारो. प्रत्येकाला तीन उत्तरं — हो, नाही, आणि मॉड्यूल. मॉड्यूल म्हणजे सुतार घरात ठेवायचा नाही, पण नंबर लिहून ठेवायचा. लागला तर बोलवायचा.

मी घाबरून सगळ्यालाच हो म्हणत सुटलो. न जाणो, उद्या लागलं तर? दाना ओरडली — "आजोबा, आपण पाणबुडी बांधत नाही आहोत!"

मग शुलामिथ भाकरी थापता थापता म्हणाली, वाचा मोठ्याने, मी सांगते. मी वाचतो, ती निकाल देते.

"रेडिओ ट्यूनर?"

"नाही."

"जॉयस्टिक?"

"ते काय असतं?"

"खेळायचं."

"या वयात? नाही."

"पॅरलल पोर्ट?"

"बंदरबिंदर उरणला. नाही."

"इन्फ्रारेड?"

"अहो, लग्नाची बोलणी एवढी लांबली नव्हती. नाही!"

तिला नाही म्हणायला काहीच वाटत नाही. मी मात्र प्रत्येक नाहीला पुन्हा विचारतो, नक्की?

२० ऑगस्ट, बुधवार

लॅपटॉप भयंकर तापला. खाली पोळपाट ठेवला. शुलामिथ पोळपाट शोधते आहे. मीही तिच्याबरोबर शोधतो आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कर्नल तयार झाला! पेनड्राइव्हवर घेतला, जुन्या मशीनला दिला. मशीनने ढुंकून पाहिलं नाही.

दानाने चौकशी केली आणि हसायलाच लागली. मी कर्नल शिवला तो लॅपटॉपच्या प्रोसेसरच्या मापाचा. कारण न सांगितलं तर तो ज्या मशीनवर बसलाय त्याचंच माप घेतो. वर स्पष्ट लिहावं लागतं — हा चौसष्ट बिटांचा नको, जुना बत्तीसवाला हवा, आणि प्रोसेसरच्या घराण्यांच्या यादीत आपल्या प्रोसेसरचं नाव निवडावं लागतं.

"आजोबा, माप तुमचं घेतलंत आणि झंपर आजीला!"

शुलामिथने मागून ऐकलं. "तरीच खांद्यात सैल होतं."

दोघी हसत होत्या. मीही हसलो शेवटी. मग शब्बाथचा दिवा लावायची वेळ झाली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज माप बरोबर! मशीन उठलं, भराभर ओळी धावल्या, आनंदाने मी टाळी वाजवली — आणि थांबलं. शेवटी लिहिलं होतं, पॅनिक. मशीन स्वतःच घाबरलं म्हणे! मला वाटायचं या घरात तेवढा मीच.

कारण? ज्या पद्धतीने डिस्कवर फायली मांडल्यात, त्या पद्धतीलाच नाही म्हणून बसलो होतो. मुकादम कामावर आला, पण गोदामाची किल्ली नाही.

हौसा कोळीण मासे घेऊन आली होती. उरणहून येते, वर्षानुवर्षं आमच्याकडे. तिला माहीत आहे, आमच्या धर्मात खवल्याचाच मासा चालतो, तोच दाखवायचा. मला डोकं धरून बसलेलं पाहून म्हणाली, "काय ओ इझाकाका, कोन गेला?"

"मशीन घाबरलं."

"मंग त्याला बोंबलाचा कालवन द्या, सुधारल!" आम्हाला न चालणाऱ्या बोंबलाचं नाव घेऊन मला मुद्दाम चिडवते. शुलामिथने खवल्याचे बोय मासे निवडले. बोटांनीच ताजे ओळखते.

३१ ऑगस्ट, रविवार

माझ्यासारखा मूर्ख मीच.

शुक्रवारी दुपारी विचार केला — आत्ता काम सुरू करून देऊ. सूर्य मावळायच्या आत सुरू केलं की पुढे आपण हात लावत नाही. शब्बाथभर मशीन आपलं आपण शिवत बसेल, शनिवारी दिवेलागणीनंतर कर्नल तयार! आमचे पूर्वज तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मी त्यांच्याहून शहाणा निघालो, असं वाटलं.

फाइलमध्ये दानाने सांगितलेली दुरुस्ती हाताने केली, बटण दाबलं आणि आंघोळीला गेलो. दिवा लागला. मग सहज पडद्याकडे पाहिलं. काम सुरूच झालं नव्हतं! दुरुस्तीमुळे नवा प्रश्न उपटला होता. प्रश्न लिहून पुढे कंसात हो, नाही, आणि उत्तराची वाट पाहत पांढरी रेघ लुकलुकत होती.

एक बटण! एवढंच दाबायचं होतं. आणि शब्बाथ लागल्यावर दाबता येत नाही.

अख्खी रात्र लुकलुक. शनिवारी सकाळी लुकलुक. मी पडद्याला पाठ करून बसलो तरी मानेला जाणवत होती. शुलामिथ म्हणते, "काय छळताय स्वतःला? त्याला घाई नाही. तुम्हालाच आहे."

दुपारी हौसा मंगळवारी राहिलेला तिचा डबा न्यायला आली. "ता काय इचारतंय?"

मी सांगितलं. तिने पदराला हात पुसले. "मी दाबू? मना काय शनिवार नाय."

शब्बाथला असं काम दुसऱ्यालाही आम्ही सांगायचं नसतं. पण आपणहून कुणी केलं तर...

आतून शुलामिथ — "हौसे! हो दाबशील की नाही?"

"ता मना काय ठाव?"

"मग राहू दे. न समजता हो म्हणणारा एक आहे घरात."

तारे दिसले तसा धावलो आणि बटण दाबलं. उत्तर होतं, नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वीज गेली. गल्लीतल्या गणपतीची रोषणाईही गेली. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नाही, तोही बंद. अर्धं शिवण वाया. शब्बाथनंतर पुन्हा.

१० सप्टेंबर, बुधवार

मशीन उठलं!! पूर्ण उठलं. नाव विचारलं, मी टाइप केलं, आत घेतलं. शैलेश दुकान सोडून बघायला आला. पडद्याचा फोटो काढला. "काका, माझ्या दुकानात बसा ना तुम्ही." बसतो की काय! पण छान वाटलं.

आणि प्रिंटर गप्प.

वायर काढली, लावली. कागद बदलला. गप्प. दानाने हो-नाहीची यादी मागवली, बघितली. "आजोबा, पॅरलल पोर्टला नाही कोणी म्हटलं? प्रिंटर त्याच्यावरच आहे."

मी शुलामिथकडे बघितलं.

"तू म्हणालीस."

"मग तुम्ही ऐकलंत कशाला? जन्मभर ऐकलं नाहीत, आत्ताच कुठे सुचलं!"

दाना म्हणते, थोडंच पुन्हा शिवायचं, सगळं नाही. पेटी उघडून कार्डावरचा नंबर भिंगातून वाचून कळवला. त्याला हो. प्रिंटरला हो. मी दोन्हीकडे तीनतीनदा बघितलं.

१४ सप्टेंबर, रविवार

टाक. टाक-टाक. टाक-टाक-टाक-टाक!

वही, असा सुंदर आवाज नाही. शेजारचे विचारायला आले, खिळे ठोकताय का. ठोकतोय म्हटलं!

पहिलं पान शुलामिथच्या हातात दिलं. उभ्या उभ्याच बोट फिरवलं. ओळ संपली, दुसरी संपली.

"खारुताई?" मी विचारलं.

"नाही हो," म्हणाली. "बोलतंय." आणि पान गालाला लावलं. टोचतील ठिपके, म्हटलं. टोचू देत म्हणाली.

मी दोन वाट्या खीर खाल्ली. साखर वाढली तर वाढली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सगळी पानं छापून झाली. भोकं पाडली, नाडी ओवली, पुठ्ठा लावला. दमट हवेत ठिपके बसतील म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळली. सिनेगॉगमध्ये आधीच नेऊन ठेवू का, विचारलं. "मी बघते," म्हणाली.

आता काळजी करायला काही उरलं नाही याची काळजी वाटते.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सण काल संध्याकाळी उतरला. आज लिहितो.

परवा सिनेगॉगमध्ये शोफार, मेंढ्याचं शिंग, वाजला. शुलामिथ बायकांमध्ये उभी राहिली. मी मान उंच करून बघतो तर हात रिकामे! पानं घरीच राहिली. उठून घरी पळावं, तर तिने सुरुवात केली.

आणि म्हणत गेली. एक शब्द अडला नाही. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, सगळं. सगळी प्रार्थना तोंडपाठ! बायका डोळे पुसत होत्या. मी गोंधळून गेलो.

वाटेत विचारलं, "तुला पाठ आहे?"

"केव्हाचीच."

"मग पानं कशाला? इतका उपद्व्याप..."

"सण उतरू दे. सांगते."

आज जेवणं झाली. आता तिने मला हात धरून खाटेवर बसवलं आहे. तू मिट थोडी, वही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पानं लियोरासाठी. माझ्या लियोराचेही डोळे चाललेत, तिच्या आईसारखेच. आईला माहीत, दानाला माहीत, मला सांगितलं नाही. "तुम्ही काळजीने अंथरूण धरलं असतं," शुलामिथ म्हणाली. "म्हणून आधी काम दिलं." लियोरा म्हणते, तिथलं हिब्रू ब्रेल, ठिपक्यांची लिपी, मागाहून शिकेन, पहिली आईची मराठी पानं. रडलो. मग उठून ठिपक्यांच्या मुळाक्षरांचं पान छापलं, सगळ्यात वर लावलं आणि पार्सल देऊन आलो. लियोरा, दानाकडून निरोप नको. पहिलं अक्षर बोटाला लागलं की तूच कळव गं. लवकर कळव.