दोन माणसांचं काम

कलबुर्गी,
१४ डिसेंबर

प्रिय हर्षू,

पत्र बघून तू दचकशील, म्हणून आधीच सांगतो, माझी तब्येत ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी किल्ल्यापर्यंत चालून येतो. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर आपलं बोलणं हल्ली लांबत नाही. जेवलात का, जेवलो, थंडी पडली का, पडली, ठेवते मग. दोष तुझा नाही. मला जे सांगायचंय ते मध्ये कुणाचं ‘हं’ आलं तर तिथंच अडकेल, म्हणून कागद घेतला. कामाची गोष्ट सांगतो, पण ती तेवढीच नाही. शेवटपर्यंत वाच.

निवृत्तीनंतर मी उद्यम-साहाय्य केंद्रात मार्गदर्शक झालो, हे तुला ठाऊक आहे. काम साधं. गावोगाव फिरायचं, कुणाच्या हातात काय कसब आहे ते बघायचं, अर्ज भरून द्यायचा, दहा दिवसांचं प्रशिक्षण, मग यंत्र आणि मग बाजाराची ओळख. आळंदच्या एका बाईचं तूरडाळीचं दुकान, औरादच्या दोघा भावांची करडईच्या तेलाची घाणी, असे कितीतरी उद्योग उभे राहताना मी पाहिले. मला त्याचा अभिमान होता. पडून राहिलेली गोष्ट कामाला लावणं यापेक्षा मोठं पुण्य नाही, असं मी मानत होतो.

गेल्या मार्चमध्ये अफजलपूरच्या पुढं भीमेकाठच्या एका गावात गेलो. तिथल्या कोंडाबाईंचा अर्ज आला होता. अंबाडीचे दोर वळतात. दावी, कासरे, बैलाच्या मोरक्या. प्लॅस्टिकच्या दोरांनी बाजार खाल्ला तरी यांच्या कासऱ्याला सोलापूरच्या बाजारातून मागणी होती. अर्जात ‘काम करणाऱ्यांची संख्या’ या रकान्यात त्यांनी दोन लिहवून घेतलं होतं. गावात विचारलं तर लोक म्हणाले, बाई एकटीच राहते. लेकरू-बाळ नाही. नवरा ईरण्णा चार वर्षांपूर्वी गेला. अंबाडीच्या पेंढ्या नदीत भिजत घातल्या होत्या, त्या काढायला भरदुपारी उतरला आणि वरून धरणाचं पाणी सुटलं. तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडला.

मी गेलो तेव्हाही दुपारच होती. अंगण लांबलचक, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती. एका टोकाला खांबावर लाकडी चाक, त्याला मूठ आणि लोखंडी आकडा. दोर वळणं हे दोन माणसांचं काम, हर्षू. एकजण मूठ फिरवत राहतो, दुसरा कमरेला अंबाडीचा झुबका बांधून तंतू सोडत मागं मागं सरकतो. कोंडाबाई माझ्याकडं पाठ करून, तंतू सोडत, सावकाश मागं येत होत्या. समोर चाक फिरत होतं. चाकापाशी कुणी नव्हतं.

मला आधी वाटलं मोटार असेल. खांबाला वळसा घालून पाहिलं. वायर नाही, पट्टा नाही. वारा तर नव्हताच, लिंबाचं पान हलत नव्हतं. बाईंनी वळून पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाल्या, “बसा की सायेब, एवढा पेड होऊ द्या. मधी सोडलं तर ते रागावतेत.” मग चाकाकडं बघून, आपण घरच्या माणसाला सांगतो तशा सहज म्हणाल्या, “जरा दमानं. पावणे आलेत.” चाक हळू झालं.

मी ताणलेल्या पेडाला हात लावला. का लावला ते ठाऊक नाही. यंत्राची ओढ मी पुष्कळ पाहिली आहे, ती एकसारखी असते. ही तशी नव्हती. चाळीस-पन्नास फेऱ्यांनंतर ती क्षणभर सैल पडायची आणि मग थोड्या वेगळ्या लयीत सुरू व्हायची. उजवा हात दुखला की माणूस डाव्या हातानं फिरवतो ना, तशी.

“ते फिरवायलेत,” कोंडाबाई म्हणाल्या. “मूठमाती देऊन आल्यावर पंधरा दिवस मी हितं बसून होते. एक दिशी उगं उठून कमरेला अंबाडी बांधली. हात रिकामे ऱ्हाईना झाले म्हणून. चाक कोण फिरवील ते ध्यानातच न्हाई आलं बघा. आन् फिराया लागलं की!”

मी अर्जावर सही केली. दोनचा आकडा तसाच ठेवला. मी घाबरलो, पण मला नवल वाटलं नाही, आणि याचंच मला परतीच्या बसमध्ये नवल वाटत राहिलं.

इथपर्यंत माझी चूक नव्हती. चूक पुढं झाली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. जे पाहिलं ते बाजूला ठेवून मी प्रकरण पुढं ढकललं. त्यांना प्रशिक्षणाला बोलावलं तर म्हणाल्या, “मी येईन, ते तिकडं येत न्हाईत. दहा दिस एकट्यानं काय करतील?” तरी मी आग्रह करून नेलं. मग यंत्र मंजूर करून आणलं, विजेवर चालणारं, एका वेळी तीन पेड वळणारं. जीपमधून उतरवताना कोंडाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, “सायेब, मोटार बसली तर ह्यांनी काय करायचं?” मी हसलो गं. म्हणालो, “बाई, त्यांना आता विश्रांती द्या.” फार शहाणपणाचं बोललो असं मला त्या वेळी वाटलं.

जुनं चाक खांबासकट उपटून अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलं. गावातल्या सुमनबाई आणि आणखी दोघी कामाला आल्या. माल तिप्पट निघू लागला. जिल्ह्याच्या मेळाव्यात कोंडाबाईंचा फोटो लागला, खाली माझंही नाव होतं. तो फोटो मी तुला पाठवला होता, तू अंगठा पाठवलास. आता तो फोटो नीट बघ. मी तेव्हा पाहिलाच नव्हता. सगळ्या बाया कॅमेऱ्याकडं बघताहेत, कोंडाबाई एका बाजूला, रिकाम्या जागेकडं.

जुलैत सुमनबाईंचा फोन आला. “सायेब, आमी उद्यापासून येत न्हाई. कामून इचारू नका, येऊन बघा.” मी गेलो. यंत्र बंद होतं. अंगण झाडलेलं, स्वच्छ, रखरखीत. आणि कोपऱ्यात, भिंतीला टेकवलेलं ते चाक फिरत होतं. आकड्याला काही नव्हतं. पेड नाही, तंतू नाही, नुसतंच फिरत होतं, कुर्र कुर्र करत. चाळीस-पन्नास फेऱ्या, मग क्षणभर थांबणं, मग पुन्हा. मूठ भिंतीवर घासून मातीला बोटभर खोल चर पडला होता.

“सकाळपासून सांजपतोर,” कोंडाबाई म्हणाल्या. उंबऱ्याला पाठ टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. “मोटार चालू केली की जास्तीच फिरतंय. मी आकड्याला अंबाडी लावायला गेले तर घेईनात. रुसलेत. मीच त्यांना कामावरनं काढलं की.” त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तुमी लई भलं केलंत सायेब. आता हे घेऊन जावा.”

घेऊन जाता येत नव्हतं. नियमाप्रमाणे यंत्र तीन वर्षं लाभार्थ्याकडंच चालू स्थितीत राहायला हवं, नाहीतर प्रकरण फसवणुकीचं ठरतं. मी कचेरीत काय कारण देणार होतो? अहवालात ‘यंत्र समाधानकारक चालू’ असं लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही मी लिहिलेलं ते पहिलं खोटं. ते लपलं नाही. माल येईना तेव्हा तपासणी लागली, आणि केंद्रातला श्रीवत्स माझ्यासोबत आला. तुझ्याच वयाचा आहे, इंजिनीयर, कुठल्याही गोष्टीचा पुरावा मागणारा. वाटेत त्यानं मला स्पष्ट सांगितलं, “सर, तुमचा मान ठेवून सांगतो, मला जे दिसेल तेच मी लिहिणार.” मी म्हणालो, तेच लिही.

दुपारचे दोन वाजले असतील. दारातून आत पाय टाकता टाकता तो थांबला. त्याला सांगितलं होतं की बाई एकट्याच राहतात, आणि कोंडाबाई तर समोरच, आमच्यासाठी पाणी घेऊन उभ्या होत्या. श्रीवत्सनं खालच्या आवाजात विचारलं, “सर, आत दुसरं कोण आहे? कोणीतरी खोकलं आत्ता.” मी सरळ अंगणात गेलो. चाक फिरतच होतं. श्रीवत्सनंही माझ्यासारखंच, भिंतीला टेकवलेल्या खांबामागं वाकून, वायर आहे का ते पाहिलं. मग गुडघ्यावर बसून त्यानं भिंतीतला चर बोटानं चाचपून पाहिला.

त्या क्षणी मी काय केलं ते ऐक. कोंडाबाईंना म्हणालो, “अंबाडी आणा.” आणि ती माझ्या कमरेला बांधली. मला दोर वळता येत नाही. मी चाकापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, “ईरण्णा, यंत्र मी आणलं. बाईंनी मागितलं नव्हतं. तुम्हाला कामावरून त्यांनी नाही, मी काढलं.” मग झुबक्यातले चार तंतू काढून आकड्याला अडकवले. चाक थांबलं. इतका वेळ थांबलं की मला माझाच श्वास ऐकू येत होता. मग फिरलं, अगदी हळू. माझे तंतू तुटत होते, कुठं गाठ होत होती, कुठं पेड दोऱ्यासारखा बारीक होत होता. दर वेळी चाक थांबायचं. मी पुन्हा जोडलं की पुन्हा फिरायचं. हर्षू, नवशिक्याला सांभाळून घेतात ना, तसं ते मला सांभाळून घेत होतं. पाचसहा हात वेडावाकडा पेड झाला तेव्हा कोंडाबाई पुढं आल्या आणि माझ्या कमरेची अंबाडी सोडून आपल्या कमरेला बांधली. “सरका सायेब,” म्हणाल्या, “माल वाया चाललाय.”

पुढचं सुरळीत झालं. श्रीवत्सनंच मार्ग काढला. बायांचा गट नोंदवला, यंत्र गटाच्या नावावर करून सुमनबाईंच्या परसात बसवलं. तिथं दावी आणि बाजाराचा माल होतो. चाक पुन्हा आपल्या जागी रोवलं; कोंडाबाई घरी फक्त बैलांचे कासरे वळतात. माझा खोटा अहवाल मी लेखी कबूल केला, आणि मार्गदर्शकाच्या कामातून मोकळा झालो. त्याचं वाईट वाटत नाही. त्या दिवशी परतताना अफजलपूर आलं तेव्हा श्रीवत्सनं तपासणीचा कागद काढला. मग म्हणाला, “सर, काम करणारे दोन, हा आकडा मी बदलत नाही.”

आता खरं कारण. तुझी आई गेल्यावर महिन्याच्या आत मी तिची वाजवायची पेटी कमठाण्याच्या शाळेला देऊन टाकली. त्या दिवाळीला तू आलीस, ती रिकामी जागा पाहिलीस आणि म्हणालीस, “अप्पा, मला विचारलं कामून न्हाई?” पडून राहण्यापेक्षा पोरांच्या उपयोगी पडेल, असं मी उत्तर दिलं. ते खोटं होतं. अहवालातलं खोटं पहिलं नव्हतं, त्याच्या आधीचं हे. तू लहान असताना तुझे हात पुरायचे नाहीत, म्हणून आई भाता हलवायची आणि तू पट्ट्या दाबायचीस. आईच्या दहाव्या दिवशी दुपारी सगळे पडले होते आणि तू पेटीपुढं बसलीस. मी स्वयंपाकघरात होतो. सूर ऐकून दारात आलो. तुझे डोळे मिटलेले होते, हर्षू, आणि तुझे दोन्ही हात पट्ट्यांवर होते. भाता हलत होता. मी भ्यालो, आणि तुला काही न सांगता ती घरातून काढली. तुला ते ठाऊक होतं की नव्हतं, हे मी दोन वर्षं विचारू शकलो नाही. कोंडाबाईंसारखी तूही एका रिकाम्या जागेकडं बघत राहिलीस, आणि ते माझ्यामुळं. शाळेच्या हेडमास्तरांशी बोललो आहे, ते पेटी परत द्यायला तयार आहेत. मी एकटा जाणार नाही. ती आता गप्प असेल याची मला भीती वाटते की नसेल याची, ते मला कळत नाही. सुट्टी काढून ये. पेटीपुढं तू बस, मी दारात उभा राहीन, आणि या वेळी पळणार नाही.

तुझी वाट बघणारा,
तुझाच,
अप्पा