तिळाएवढं तोंड

शनिवार, ७ मार्च. वेस्ट विंडसर

"मैत्रिणींनो, 'हळू बोल' हे आपण प्रत्येकीने ऐकलंय." उद्याच्या महिला दिनाचं भाषण मी असं सुरू करणार होते. संध्याकाळी हॉलवर गेले, तर स्टेजमागे एकोणिसाव्या शतकातल्या फॅशन मासिकातलं चित्र, भिंतभर मोठं केलेलं. आवळलेली कंबर, तिळाएवढं तोंड. बाईने असंच असावं म्हणून तेव्हा घरोघरी पोचवलेलं.

सजावट करणाऱ्या शैलाकाकू माझ्या लेकीला, इराला म्हणाल्या, "बघ कशी नाजूक. नाहीतर तू, नुसती खिदळतेस."

"काकू, त्या तोंडात घास तरी जाईल का?" मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. इराही हसली, पण तोंडावर हात ठेवून. असं ती कधीच हसत नाही. किळस आली. चित्राची, की ते मिरवण्याच्या आमच्या हौसेची? तिळाएवढं तोंड, आणि त्याच्यापुढे उभं राहून मी बोलायचं?

सुरुवात बदलते. मैत्रिणींनो, मी बोलण्याआधी हे चित्र खाली उतरवा.