तीन पोकळ नळ्या आणि धाकटीचा गळा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंद्याने फोटोग्राफर, डोकं पूर्ण ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर न बसता हे लिहून ठेवते. यापूर्वी लिहिलेलं सर्व रद्द समजावं.

१. राहतं घर व खालचा स्टुडिओ माझ्या भाचीला. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. धाकटी गेल्यावर मीच वाढवली.

२. कॅमेरा, लेन्स आणि तीन एक्स्टेन्शन ट्यूबही तिलाच. ट्यूब भंगारात देऊ नयेत. त्यांत काच नसते, बिघडण्यासारखं काही नसतं. कॅमेरा आणि लेन्सच्या मधे या पोकळ नळ्या बसवल्या की अगदी जवळून फोटो घेता येतो, माशीचा डोळा चौकटभर दिसतो. मी त्या माशांसाठीच घेतल्या होत्या.

धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. म्हणाला, "ओढणीने फास घेतला तिने." शवागारातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "गळ्यावरचा वळ बारीक आहे, माझ्या कॅमेऱ्यात नीट येत नाही. बहीण तुमची. नाही म्हणालात तरी चालेल."

मी गेले. तिन्ही नळ्या लावून लेन्स तिच्या गळ्याजवळ नेली. इतक्या जवळून केसभर भागच स्पष्ट येतो. श्वास रोखून पुढे सरकत राहिले. वळात तारेच्या दोराचा पीळ उमटला होता. कातडीत काळं ग्रीस होतं. ओढणीला ग्रीस कुठून येणार?

३. माझ्या भावाला काहीही नाही. "फोटो फाडून टाक, अब्रू जाईल," म्हणाला, आणि मी स्टुडिओत एकटी आहे हे मेहुण्याला त्यानेच कळवलं. मेहुण्याने आल्या आल्या ट्रायपॉड उचलला. पहिल्या घावात माझा डावा डोळा गेला, दुसऱ्यात खांद्याचं हाड. केस धरून माझं डोकं फरशीवर आपटत विचारत होता, "निगेटिव्ह कुठंयत?" मी त्याचा अंगठा दातांत धरला आणि हाड लागलं तरी सोडला नाही. निगेटिव्ह डॉक्टरीणबाईंकडे होत्या. कोर्टात फोटो मोठे करून दाखवले तेव्हा भाऊ उठून बाहेर गेला. मेहुण्याला जन्मठेप झाली.

४. तो आता सुटला आहे. मुलीला भेटायचं म्हणतो. वकीलबाई म्हणाल्या, "त्याने उंबरा ओलांडला तर घर जाईल, अशी अट घाला." घालत नाही. आई तिची, बापही तिचाच. ते फोटो मी तिला कधी दाखवले नाहीत. स्टुडिओच्या कपाटात वरच्या खणात आहेत. आधी फोटो बघायचे, की न बघताच दार उघडायचं, हे तिने ठरवावं. त्यावर माझा हक्क नाही, म्हणून तो कोणाला देताही येत नाही.

ठिकाण: राहतं घर
दिनांक: चौदा मार्च

सही: भाचीची मावशी

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, शवागारातून निवृत्त
साक्षीदार २: शेजारचा चष्मेवाला